वाट पाहणे

चार माणसे मिळून रस्त्याने निघाली म्हणजे त्यांची चाल कोणाची असते? पुढे चालणाऱ्याची, की मागे पडणाऱ्याची?

प्रश्न दिसायला क्षुल्लक आहे. पायी चालणाऱ्यांना तो फारसा पडतही नाही. आषाढात ज्ञानेश्वर महाराजांच्या रथापुढे २७ दिंड्या चालतात, तितक्याहून कितीतरी अधिक मागे चालतात; पताकावाल्यांची जागा ठरलेली, टाळकऱ्यांची ठरलेली, विणेकऱ्याची ठरलेली. कोजागरीला आमच्या सोलापुरातून हजारो माणसे तुळजापूरची वाट धरतात. पंचेचाळीस किलोमीटरचा तो रस्ता त्या वेळी माणसांनी इतका भरून जातो, की वाहने दुसरीकडून वळवावी लागतात. त्या गर्दीत कोणाचा पाय दुखावला तर दुसरा त्याच्याजवळ कडेला टेकतो, चहा पितो, आणि दोघेही पुन्हा प्रवाहात मिसळतात. पायांना वेग तो कितीसा! दमलेला आणि न दमलेला यांच्यात तासाभराने पडले तर मैलभराचे अंतर पडायचे. पाय माणसाला फार लांब नेत नाहीत, म्हणून ते माणसांना एकमेकांपासून फारसे तोडतही नाहीत.

हा प्रश्न खरा झाला तो यंत्राने वेग दिल्यावर. १९५५ साली मद्रासला एन्फिल्ड इंडिया निघाली आणि बुलेट आपल्या रस्त्यांवर आली. पुढे काही वर्षांनी म्हैसूरहून जावा येऊ लागली. त्या काळी फटफटी म्हणजे गावातल्या एकट्यादुकट्या प्रतिष्ठिताचे वाहन. तिच्यावर बसलेला माणूस एकटाच जायचा आणि एकटाच यायचा. त्याच्या चालीशी इतर कोणाचा संबंध नसे. आज घरटी एक मोटारसायकल आहे, आणि म्हणूनच एक नवीन गोष्ट घडू लागली आहे. माणसे आपापल्या एकट्याच्या वाहनावर बसून मिळून जाऊ लागली आहेत. एकट्याचे वाहन आणि मिळून प्रवास! यात जी विसंगती आहे, तिच्याविषयीच मला चार शब्द लिहायचे आहेत.

गेली काही वर्षे दसरा ते दिवाळी या दिवसांतल्या रविवारी आम्ही दहा-बाराजण पहाटेच मोटारसायकली काढून सोलापूरच्या भोवतालच्या आडरस्त्यांनी हिंडतो. आमचे मंडळ नाही, वर्गणी नाही, सदऱ्यावर छापलेले नाव नाही. माझे तीन-चार जुने विद्यार्थी आहेत, एक गॅरेजवाले मिस्त्री आहेत, एक बँकेत कारकून आहेत, आणि चादरीच्या कारखान्यात उभा जन्म काढून आता घरी बसलेले एक अण्णा आहेत. मुले मला ‘सर’ म्हणतात आणि माझ्यापुढे सिगारेट लपवतात. एवढी शिस्त सोडली तर दुसरी शिस्त आमच्यात मूळची नव्हती.

‘सोलापुरात पाहायचे काय?’ असे पुण्यामुंबईचे पाहुणे नेहमी विचारतात. त्यांचाही दोष नाही. ते येतात उन्हाळ्यात, आणि उन्हाळ्यातले सोलापूर पाहून जातात. परतीचा पाऊस होऊन गेल्यावरचा इथला माळ त्यांनी पाहिलेला नसतो. काळ्या रानात ज्वारी नुकती वर आलेली असते. मालदांडीचे ते कोवळे पोपटी पाते काळ्या मातीवर जसे उठून दिसते तसे दुसऱ्या कशावर दिसत नाही. तूर फुलावर असते. बांधावर तरवड पिवळाधमक झालेला असतो. नान्नजच्या बाजूला माळढोकासाठी राखलेल्या रानात वाळू लागलेले गवत सकाळच्या उन्हात असे चमकते, की ज्याच्यासाठी ते १९७९ साली राखले तो पक्षी आता क्वचितच दिसतो, हे दुःखही घटकाभर विसरायला होते. काळविटांचा कळप मात्र उभा असतो. नळदुर्गाला बोरी नदीला पाणी असले तर दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बांधलेल्या त्या पाणीमहालावरून ‘नर’ आणि ‘मादी’ असे दोन धबधबे पडतात, आणि आपण बंधाऱ्याच्या पोटातल्या सज्जात उभे राहून तो पडदा आतून पाहू शकतो. हे सारे तासा-दोन तासांच्या टप्प्यात आहे. महामार्ग सोडून आत वळण्याची तयारी मात्र हवी.

आत वळले की फाटे लागतात, आणि फाट्यावर माणसे चुकतात.

पहिल्या वर्षी आमचे तसेच व्हायचे. ज्याची गाडी जोराची तो पुढे, ज्याची जुनी तो मागे. अण्णांची येझदी आहे. ती करणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ सालीच बंद पडला, तेव्हा तिच्याकडून किती अपेक्षा करायची? अण्णा शेवटी असत आणि हात हलवून म्हणत, “तुम्ही व्हा पुढं, मी येतो मागनं.” मोटारसायकलींच्या रांगेची एक चमत्कारिक गोष्ट आहे. पुढचा वळणावर जरा थबकतो, वळण संपताच वेग घेतो. त्याच्या मागचा थोड्या उशिरा थबकतो आणि पडलेले अंतर भरून काढायला थोडा अधिक वेग घेतो. असे करत करत, पुढचा आपला सुखाने पन्नासने चालला असता शेवटच्याला मध्येच सत्तरने धावावे लागते. म्हणजे ज्याची गाडी सर्वांत जुनी आणि ज्याचे वय सर्वांत जास्त, त्याच्याच वाट्याला सर्वांत धोक्याची चाल येते. तो मागे आहे म्हणून त्याला पळावे लागते, आणि पळणे झेपत नाही म्हणून तो आणखी मागे पडतो. हे वाचून कोणाला मोटारसायकलींखेरीज दुसरे काही आठवले, तर त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. वर्गातल्या शेवटच्या बाकावर मी हेच वीस वर्षे पाहत आलो आहे.

यावरचा उपाय जगभरच्या गाडीवाल्यांनी अनुभवाने शोधून काढलेला आहे, आणि आमच्या मिस्त्रींनी तो आम्हांला लावून दिला. त्याचे तीन भाग आहेत. सर्वांत कच्चा जो असेल त्याने म्होरक्याच्या लगेच मागे चालायचे. सर्वांत पक्का जो असेल त्याने सर्वांच्या शेवटी. आणि मधल्या प्रत्येकाने एकच काम करायचे: आपल्या मागच्या माणसाला आरशात ठेवायचे. फाटा आला की थांबायचे. मागचा दिसला, त्याने आपल्याला पाहिले आणि आपण कोणीकडे वळतो हे त्याला कळले, की मगच वळायचे. बस्स. सगळ्यांची काळजी कोणीच करायची नाही. प्रत्येकाने एकाची करायची.

मला हा नियम कळला तेव्हा मी त्याच्यावर पुष्कळ दिवस विचार करीत होतो. नीतीच्या पुस्तकांतून आपल्याला सर्वांवर प्रेम करायला सांगितलेले असते. ‘सर्वांवर’ या शब्दात एक पळवाट आहे. सर्वांवर प्रेम करणे कोणालाच शक्य नसल्यामुळे ते न केल्याचा ठपका कोणा एकावर येत नाही. ‘तुझ्या मागे जो आहे तो’ असे म्हटले की पळवाट बुजते. म्होरक्याला शेवटचा माणूस अखेरपर्यंत दिसतही नाही, पण शेवटचा थांबला की त्याच्या पुढचा थांबतो, त्याच्या पुढचा थांबतो, आणि काही मिनिटांत सबंध रांग, कोणीही हाक न मारता, थांबलेली असते.

अर्थात आक्षेप आले. आमच्यातल्या एका तरुणाने विचारले, “सर, प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, मोबाइलमध्ये नकाशा आहे. मग फाट्यावर उन्हात उभं कशाला राहायचं?” प्रश्न रास्त होता. परंतु नकाशा चुकलेल्याला रस्ता सांगतो. पडलेल्याला उचलत नाही. आणि आडरस्त्यावर चुकण्यापेक्षा पडण्याचेच भय अधिक. या दिवसांत कारखान्यांचे गाळप सुरू व्हायच्या बेतात असते, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अंधारात मागे दिवा नसताना चाललेले असतात. मागचा आला नाही हे नकाशाला कळत नाही. ते कळायला कोणीतरी त्याची वाट पाहत असावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक खोल होता, आणि तो अण्णांचाच होता. त्यांना म्होरक्याच्या मागे दुसऱ्या जागेवर आणले तेव्हा ते तीन रविवार आलेच नाहीत. मी घरी गेलो तर म्हणाले, “माझ्यासाठी बारा गाड्या हळू चालवायच्या, हे बरं दिसत नाही सर. माणसाला मागं राहायचं दुःख नसतं. आपल्यापायी दुसरे थांबलेत, याचं असतं.” यावर झटपट उत्तर नव्हते. दया करणाऱ्याला दया गोड लागते, घेणाऱ्याला नेहमी तशी लागत नाही. पण मिस्त्री साधा माणूस. तो अण्णांना म्हणाला, “अण्णा, तुमच्यासाठी कुठं कोण थांबतंय? तुम्ही तुमच्या मागच्यासाठी थांबायचंय. तो पोरगा नवा आहे.” अण्णा पुढच्या रविवारी आले. फाट्यावर येझदी बाजूला लावून, मान मागे वळवून ते असे उभे होते, की जणू सबंध रांग त्यांच्याच भरवशावर चालली आहे. आणि ती तशी चाललीही होती.

नियम आणि दया यांत हा फरक आहे. दयेत एक उभा असतो आणि दुसरा वाकलेला असतो. नियमात प्रत्येकजण कोणाच्या तरी पुढे असतो आणि कोणाच्या तरी मागे.

महाभारताच्या शेवटी महाप्रस्थानाची कथा आहे. पाच पांडव आणि द्रौपदी हिमालयाच्या वाटेने चालले आहेत, मागून एक कुत्रा येतो आहे. द्रौपदी पडते. मग सहदेव, मग नकुल, मग अर्जुन, शेवटी भीम. भीम प्रत्येक वेळी विचारतो की हा का पडला, आणि युधिष्ठिर मागे वळून न पाहता प्रत्येकाचा एकेक दोष सांगतो व चालत राहतो. लहानपणी ही कथा ऐकताना मला युधिष्ठिराचे मोठेपण वाटे. आता भीती वाटते. पुढे चालणाऱ्यापाशी मागे पडलेल्याचे कारण नेहमी तयार असते. त्याची गाडी जुनी, त्याला अभ्यास नको, त्याने वेळेवर शहाणपण केले नाही. कारणे खोटी असतात असेही नाही. युधिष्ठिराने सांगितलेले दोषही खोटे नव्हते. पण कारण सांगून झाले की मागे वळायची गरज उरत नाही, हा कारणाचा दोष आहे.

मात्र व्यासांनी कथा तिथे सोडली नाही. इंद्र रथ घेऊन आला तेव्हा युधिष्ठिर म्हणाला की हा कुत्रा बरोबर आल्याशिवाय मी स्वर्गात येणार नाही. भावांसाठी जो थांबला नाही तो कुत्र्यासाठी थांबला! आणि पुढे नरकात भावांचे आवाज ऐकू आले तेव्हा तो तिथेच राहायला तयार झाला. धर्मराज ही पदवी सबंध आयुष्यात कुठे सार्थ झाली असेल, तर ती या दोन थांबण्यांत, असे मला वाटते.

इथपर्यंत आमच्या नियमाचे मला कौतुकच होते. त्याची कसोटी लागली ती २०२५ सालच्या पावसाळ्यानंतर.

त्या सप्टेंबरात सीनेला महापूर आला. ज्या नदीत एरवी गुडघाभर पाणी पाहायची आम्हांला सवय, तिने गावेच्या गावे वेढली. पुण्याकडचा आणि विजापूरकडचा, दोन्ही महामार्गांवरची वाहतूक थांबवावी लागली. पाणी ओसरल्यावर दिवाळीच्या सुमारास आम्ही कुडलला निघालो. सीना आणि भीमा जिथे मिळतात तिथे संगमेश्वराचे देऊळ आहे, आणि तिथल्या तुळईवर शके ९४० चा, म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख आहे. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. हे वाचणारा विजयी होवो, असा त्याच्या शेवटाचा आशय आहे. मुलांना तो दाखवावा असे पुष्कळ दिवस मनात होते.

विजापूर रस्ता सोडून आत शिरलो आणि पाहिले, तर अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेले. भिजून काळे पडलेले, वास येणारे. पलीकडे शेतात मातीच नव्हती, नुसते दगडगोटे. काही ठिकाणी उलट, उभ्या उसावर गाळाचा थर. कुंपणावर गाद्या आणि पोरांची वह्या-पुस्तके उन्हात टाकलेली. आमचा एकजण कुरकुरला, “रस्ता म्हणजे काय खळं आहे?” तोच पायाने दाणे उलटत असलेली एक बाई मान वर न करता म्हणाली, “हळू जावा बाबा, धूळ बसतीय दाण्यावर.”

आम्ही गाड्या बंद केल्या आणि ढकलत नेल्या.

पुढे देवळाच्या ओट्यावर वाद झाला. एकजण म्हणाला, “आपण यायलाच नको होतं. लोकांचं असं झालंय, आणि आपण देखावे बघत हिंडतोय.” दुसरा म्हणाला, “आलो म्हणून तर कळलं. घरात बसून काय कळलं असतं?” दोघांचेही बोलणे मला पटले आणि दोघांचेही अपुरे वाटले. न येणे ही सभ्यता दिसते, पण तीही मागे वळून न पाहण्याचीच एक रीत आहे. आणि नुसते येऊन पाहण्याने कोणाचे काय भले झाले? पाहणारा हळहळतो, फोटो काढतो, घरी जातो. शेतातली माती काही परत येत नाही.

खरे म्हणजे आमच्या नियमातच एक उणीव होती, आणि ती त्या बाईने दाखवून दिली. शेवटच्या गाडीच्या मागे कोण असते? आम्ही म्हणत होतो, कोणी नाही. पण शेवटच्याच्या आरशात काय दिसते ते एकदा पाहावे. आपण उडवलेली धूळ दिसते, आणि त्या धुळीत उभे असलेले गाव दिसते. ज्याला आपण आडरस्ता म्हणतो तो कोणाचा तरी सदरच रस्ता असतो. ज्या माळाला आपण देखावा म्हणतो त्यावर कोणीतरी कर्ज काढून पेरलेले असते. आपली रांग जिथे संपली असे आपण समजतो, तिथे ती संपलेली नसते.

मग करायचे काय? मोठी उत्तरे देणारे पुष्कळ आहेत. मी जे घडले तेवढे सांगतो. गावातल्या बऱ्याच मोटारसायकली पाण्याखाली गेलेल्या होत्या, आणि काहींचे धनी हताशपणे त्यांना किका मारीत होते. मिस्त्री धावत गेले. पाणी शिरलेल्या इंजिनाला किक मारू नये. आतले सामान वाकते, गंजते. आधी तेल सोडावे. ते दुधाच्या चहासारखे निघाले की समजावे पाणी मिसळले आहे. मग प्लग काढून सुकवावा, कार्बोरेटर उघडून गाळ धुवावा, नवे तेल घालून, फिरवून, तेही एकदा सोडून द्यावे. त्या दिवशी त्यांनी दोन गाड्या सुरू केल्या. पुढचे तीन रविवार ते हत्यारांची पिशवी घेऊन तिथेच गेले. दोघे पोरगे हाताखाली. बँकेतल्या गृहस्थांनी पंचनाम्याचे आणि विम्याचे कागद भरून दिले. मला वह्या नेऊन देण्यापलीकडे काही येत नव्हते, तेवढे मी केले. या सगळ्याने पुराचा हिशेब मिटला, असे कोणी म्हणणार नाही. पण प्रत्येकाने एकालाच आरशात ठेवायचे असते, हे आम्ही आधीच शिकलो होतो.

रॉबर्ट पिर्सिग नावाच्या अमेरिकन लेखकाने १९६८ साली आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला मोटारसायकलीवर मागे बसवून, मोठे रस्ते टाळून, दूरचा प्रवास केला. त्यावरचे त्याचे पुस्तक १९७४ साली निघाले आणि जगभर वाचले गेले. त्यात यंत्राविषयी आणि तत्त्वज्ञानाविषयी पुष्कळ आहे. मला त्यातली एक लहानशी गोष्ट सर्वांत मोठी वाटते. सबंध प्रवासभर त्या मुलाला बापाच्या पाठीखेरीज समोरचे काही दिसलेले नसते. अखेरीस तो पाय ठेवायच्या दांड्यांवर उभा राहतो आणि बापाच्या खांद्यावरून प्रथमच रस्ता पाहतो. पुढे बसणाऱ्याला वाटत असते की आपण मागच्याला जग दाखवतो आहोत. मागच्याला दिसत असते ती फक्त पाठ. प्रत्येक पुढे गेलेल्या माणसाने, घराने, शहराने, एकदा विचार करावा की आपल्या मागच्याला आपले काय दिसते.

आपल्या भाषेने हा सारा विचार दोन शब्दांत आधीच करून ठेवला आहे. येणाऱ्यासाठी थांबण्याला आपण ‘वाट पाहणे’ म्हणतो. आम्ही रविवारी निघतो तेही वाट पाहायलाच. तरवडाची, तुरीची, काळ्या रानातून वळत गेलेली वाट. दोन्ही अर्थ एकाच शब्दांत नांदतात, आणि मला वाटते ते तसेच नांदले पाहिजेत. जो थांबायला तयार नाही त्याला वाट दिसत नाही. वेगात दिसतो तो डांबराचा पट्टा. फाट्यावर उभे राहून मागच्याची वाट पाहताना मला जितका सोलापूरचा माळ दिसला, तितका चालत्या गाडीवरून कधीच दिसला नाही.

हे सर्व वाचून कोणी म्हणेल, की अशाने पोहोचायला उशीर होईल. होतो. आम्ही नळदुर्गाला नऊला पोहोचायचे ठरवतो आणि साडेदहा होतात. पण बाराजण निघालो तर बाराजण पोहोचतो.